गंधारने वळलेल्या जटा

आमच्याकडे कुणाला जट आली की लोक देवीला कौल लावतात. माझ्या पोराने ती हौसेने करून दिली. गंधारने, माझ्या धाकट्याने. रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी तीन रविवार बसून, माझी तोरणं विणायची क्रोशाची सुई घेऊन, मोबाइलमध्ये बघत बघत त्याने शर्मिष्ठाच्या, थोरल्या बहिणीच्या, डोक्यावर बारीक जटा वळल्या. मी तोंडाचा पट्टा सोडायचे. लग्नाची पोट्टी आणि हे सोंग, बघायला आलेले उंबऱ्यातूनच परत जातील, म्हणायचे. दोघं खुशाल हसायची.

नव्या जटा झोपेत घासून सुटतात म्हणे. म्हणून सदर बाजारातून त्याने गुळगुळीत साटीनचं कापड आणलं. रोज झोपायच्या आधी तोच तिच्या डोक्याला ते बांधायचा. मलाही बजावलं होतं, "आई, महिनाभर तेल नाही लावायचं, पाणी नाही. तुह्या हाताले चैन नाही पडनार, पण हात नको लावू."

जटा पुऱ्या झाल्या, त्याच्या आठव्या दिवशी नवा रायपूरला ऑफिसात जाताना ट्रकने त्याला उडवलं. माझं पोर गेलं.

सुतकभर शर्मिष्ठा ते कापड स्वतः बांधून झोपली. सुतक फिटलं की घरातल्या सगळ्यांनी डोक्यावरून न्हायचं आणि लेकीला आईने तेल लावायचं, ही आमची रीत. ती नुसती अंगावरून न्हाली. म्हणाली, "आई, उसने एक महीना बोला था. उतना तो रहने दे." मी आतून जळत होते. ती जटच भोवली, असं मला वाटत होतं. खरंच वाटत होतं, आता लपवून काय करू?

दुपारी तिचा डोळा लागला. मी वाटीत तेल कोमट केलं, उशाशी बसले आणि कापड सोडलं. पोरीचं डोकं किती कोरडं झालं होतं. रागही होता, मायाही होती. कुठलं जास्त, मला सांगता येणार नाही. तेल मुरवत गेले आणि जन्मभराच्या सवयीने बोटं गुंता सोडवत गेली. ती जागी झाली तेव्हा डाव्या बाजूच्या सगळ्या जटा मोकळ्या झाल्या होत्या.

तिने डोकं चाचपलं.

"आई, त्याच्या हातचं एवढंच उरलं होतं ना गं."

मी सुई शोधून आणली. मोबाइलवर दाखव, मी पुन्हा वळून देते, असं हातापाया पडून म्हटलं. तिने सुई घेतली नाही. उरलेल्या जटांवर कापड घट्ट बांधलं आणि भिंतीकडे तोंड करून निजली.

आता झोपायला जाताना ती खोलीला आतून कडी लावते.