खेम कोणाची

आमच्या नोन्थाबुरीच्या गल्लीत कुत्र्यांना खायला सगळे घालतात, पण 'माझं' कोणी म्हणत नाही. म्हटलं की संपलं. ते कोणाला चावलं तर इंजेक्शनं तुमच्या गळ्यात, कोणाच्या दारात घाण केली तर झाडू तुमच्या हातात. म्हणून विचारलं की ठरलेलं उत्तर, "आमचं नाही हो, नुसतं खायला घालतो." खेमचंही तेच. काळी, ठेंगणी, एक कान मोडलेला. खारवलेल्या मासळीवर तिचा जीव, म्हणून नाव खेम, म्हणजे आमच्या भाषेत खारट. खायची सगळ्यांकडे, झोपायची मात्र मोटरसायकल टॅक्सीच्या थांब्यावर, टॅक्सी चालवणाऱ्या सवांगकाकांच्या बाकाखाली.

आठवडाभर मी बहिणीकडे कोराटला गेले होते. परत येऊन थांब्याशेजारी माझी खाण्याची हातगाडी लावली, काड्यांवर मांस भाजायला घेतलं, तरी बाकाखालून कोणी उठून आलं नाही.

"भटक्या कुत्र्यांच्या निवाऱ्याची गाडी आली होती," सवांगकाका म्हणाले. "नव्या इमारतीतल्या बाईंनी फोन केला म्हणे."

"आणि तुम्ही बघत बसलात?"

"त्यांनी विचारलं, कोणाची आहे."

"मग?"

काकांनी नारिंगी जाकिटाची चेन वर केली, खाली केली. "म्हटलं, माझी नाही. नुसतं खायला घालतो."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. लाँड्रीवाल्या जिंतनानेही तेच सांगितलं होतं आणि मासळीवाल्यानेही. सगळ्या गल्लीने मिळून एका कुत्रीला नाकारलं होतं, आणि आता सगळे माझ्यासमोर तोंडं पाडून उभे होते.

"उठा," मी काकांना म्हटलं. "मोटरसायकल काढा."

निवारा भातशेतांच्या पलीकडे, पत्र्याच्या छपराखाली. फिनेल आणि उकडलेल्या कोंबडीचा वास, आणि कानठळ्या बसवणारं भुंकणं. एक तीन पायांचं कुत्रं शेपूट हलवत माझ्या मागेमागे आलं. रस्त्यावर असतं तर ते केव्हाच मेलं असतं, हे मला कळत होतं. कळत होतं म्हणून राग आणखीच येत होता.

खेम एका मोठ्या जाळीच्या पिंजऱ्यात, पाण्याच्या टबामागे अंग चोरून बसली होती. थोबाडावर चावल्याची ताजी खूण. काकांनी हाक मारली तशी ती उठली, पण मधल्या कुत्र्यांना ओलांडून पुढे यायची तिची हिंमत होईना.

डॉक्टर पिम नावाची पोरगेलीशी बाई होती. हातभर ओरखडे, डोळे झोपेने जड.

"आमची कुत्री द्या," मी म्हटलं.

"आमची म्हणजे कोणाची?"

"गल्लीची."

"गल्ली सही करते का?"

"चांगली मोकळी हिंडत होती," माझा आवाज चढला. "तुम्ही आणून कोंडलीत. एवढी कुत्री एका जाळीत भरता, एकमेकांना फाडू देता, आणि वर निवारा म्हणता?"

तिने आवाज चढवला नाही. "गर्भाशयात पू झाला होता तिच्या. मागून गळत होता. त्या बाईंना रस्त्याने जाता-जाता दिसला. तुम्हाला रोज खायला घालताना दिसला नाही?"

"हल्ली नुसती पडून असायची," काका पुटपुटले. "मला वाटलं, वय झालं."

"अजून चार दिवस तुमच्या प्रेमात राहिली असती तर मेली असती. ऑपरेशन केलं. जागा नाही म्हणून टाके पुरते सुकायच्या आत सगळ्यांत सोडावी लागली. मला तरी ते पटतं का? पण रोज गाडी भरून येते, आणि न्यायला कोणी येत नाही."

तोंडावर खरं बोलणाऱ्या माणसाचा मला फार राग येतो.

"तक्रार आलेली असली की आम्ही परत रस्त्यावर सोडत नाही," ती म्हणाली. "कुंपणाचं घर लागेल, आणि एका माणसाचं नाव. पुढे जे होईल त्याला तो जबाबदार."

"कुंपण माझ्या परसात आहे," मी म्हटलं.

"आणि नाव?"

मी तोंड उघडलं, तेवढ्यात काका बोलले. "माझी आहे. सवांग. लिहा." साठी उलटलेला, भाड्याच्या खोलीत एकटा राहणारा माणूस. बोलतानाच त्यांनी पेनासाठी हात पुढे केला.

खेम लाल पट्टा घालून परत आली. पट्ट्यावर काकांचं नाव आणि फोन. रात्री माझ्या परसात झोपली, सकाळी सवयीने फेरीला निघाली. जिंतना रोज तिला कोंबडीची कातडी टाकायची. आज तिने आधी पट्टा पाहिला.

"सवांगकाका, तुमची कुत्री आलीय इकडे," तिने दारातून हाक मारली.

"मालकाने उपाशी ठेवलंय वाटतं," मासळीवाला हसला आणि मासळीची डोकी-शेपट्या त्याने थेट कचऱ्यात टाकल्या. दुपारपर्यंत काकांकडे तक्रारींची रांग लागली. भुंकली, चप्पल ओढली, चाकावर मुतली. खेम वर्षानुवर्षं हेच करत आली होती आणि लोक हसत होते.

मी तडक जिंतनाकडे गेले. "इतकी वर्षं घालत होतीस, आज हात का आखडला?"

"अगं बुप्फा, तिला आता मालक आहे ना. पुण्य लागतं ते बेवारशाला घातल्याचं. दुसऱ्याच्या कुत्रीला घालून मला काय मिळणार?"

"म्हणजे तुला पुण्य हवं होतं, कुत्री नकोच होती."

"तुझं आपलं काहीतरीच," ती म्हणाली आणि इस्त्री पुढे ओढली.

मी थांब्यावर आले आणि खाली वाकून पट्ट्याचं बक्कल सोडायला लागले. काकांनी माझा हात धरला.

"नको. गाडी पुन्हा येईल."

"आणि पट्टा ठेवला तर?"

काकांनी आपल्या चिकट भाताचा अर्धा गोळा तिच्यापुढे ठेवला. त्यांच्याकडे गोळा होताच एक.

खेम आणखी दोन-तीन सकाळी जिंतनाच्या दारापर्यंत गेली, उभी राहिली, परत आली. मग जायचीच बंद झाली. आता दिवसभर बाकाखाली असते, कोणी हाक मारली तरी उठत नाही. जिंतना गिऱ्हाइकांना कौतुकाने सांगते, निवाऱ्यात जाऊन आल्यापासून कुत्री किती शहाणी झालीय बघा.