हिरवी खूण

सामन्याच्या दिवशी सकाळी साडेसातला संघाचा फिजिओ क्रस्तो कुस्तुदिच याच्या अंगठ्याला ती गाठ लागली. कर्णधार सावो रायचेविच टेबलावर पालथा पडला होता. डाव्या मांडीच्या मागच्या बाजूला, गुडघ्यापासून वीतभर वर, अक्रोडाएवढी कडक गाठ आणि तिच्या शेजारी बोट आत जाईल अशी मऊ जागा. क्रस्तो एकवीस वर्षं फुटबॉलपटूंच्या मांड्या चेपत आला होता. त्याला मशीनने सांगायची गरज नव्हती.

"कधीपासून?"

"परवाच्या सरावापासून. जरा आखडलंय."

"आखडलेलं नाही, फाटलंय. आज तू उतरायचं नाहीस."

सावो उठून बसला. "दार लाव," तो म्हणाला.

सहा लाख वस्तीचा मॉन्टेनेग्रो पहिल्यांदाच युरोपच्या अजिंक्यपद स्पर्धेत पोहोचला होता. एक सामना हरला होता, एक जिंकला होता. आज दुपारी डेन्मार्कशी बरोबरी झाली तरी पुढची फेरी पक्की होती. सावो तेहेतीस वर्षांचा होता. त्याच्यासाठी अशी दुसरी स्पर्धा येणार नव्हती, हे दोघांनाही माहीत होतं.

रोज सकाळी क्रस्तो सव्वीस नावांच्या कागदावर खुणा करून तो कोच ब्लाझो तोमानोविच यांच्याकडे देत असे. हिरवी खूण म्हणजे खेळेल, पिवळी म्हणजे बघू, लाल म्हणजे नाही. त्या कागदावरून संघ ठरायचा. नव्या डच ट्रेनरने पहिल्याच आठवड्यात सुचवलं होतं की सगळ्यांचं स्कॅनिंग करावं, आणि निदान कर्णधाराला तरी त्याच्या कूमने, म्हणजे मानलेल्या नातलगाने, तपासू नये. ब्लाझो हसले होते. "कूम कूमशी खोटं बोलत नाही. तुमच्याकडे बोलत असतील."

सावो क्रस्तोचा कूम होता. अकरा वर्षांपूर्वी क्रस्तोच्या मुलीचं जावळ त्याने कापलं होतं, आणि त्या दिवसापासून दोन्ही घरं रक्ताच्या नात्यापेक्षा जवळची झाली होती. कूमशी भांडत नाहीत, कूमला कोर्टात खेचत नाहीत. आणि कूमने या नात्याचा राखणदार संत योव्हान याचं नाव घेऊन काही मागितलं, तर नाही म्हणत नाहीत. म्हणून शहाणी माणसं ते नाव सहसा घेत नाहीत. सावोने अकरा वर्षांत एकदाही घेतलं नव्हतं.

"कूम," सावो म्हणाला, "देवाची आणि संत योव्हानची आण घालतो तुला. हिरवं लिही."

"वेडा आहेस का? ते नाव घेऊ नकोस. परत घे."

"घेतलं ते घेतलं."

"अरे, माझ्या पोटावर पाय येईल. कोचला काय तोंड दाखवू?"

"मी खेळलो तर कोणी विचारणार नाही."

क्रस्तोने मांडीला पट्टी बांधली. मग कागद घेतला आणि सावोच्या नावापुढे हिरवी खूण केली. खूण रोजच्यासारखी सरळ उमटली, याचं त्याला नंतर फार वाईट वाटलं.

सामना तीनला सुरू झाला. वॉर्मअपमध्ये सावोने मांडीला तीनदा हात लावला. क्रस्तोने मोजलं. मध्यंतराला त्याने पट्टी आणखी घट्ट केली. कोच जवळून जाताना म्हणाले, "ठीक?" सावो म्हणाला, "ठीक." क्रस्तो खाली वाकून पट्टीचं टोक दाबत राहिला.

एकाहत्तराव्या मिनिटाला, शून्य-शून्य असताना, डॅनिश आघाडीपटू मधल्या रेषेवरून चेंडू घेऊन निघाला. सावो त्याच्या बाजूने धावला. तीन पावलं नीट पडली. चौथ्याला, मागून कोणी दगड मारावा तसा तो थांबला आणि मांडी धरून खाली बसला. पुढे फक्त गोलकीपर उरला होता. गोल झाला. उरलेल्या वेळात मॉन्टेनेग्रोला गोलच्या दिशेने एकही फटका मारता आला नाही, आणि ते स्पर्धेतून बाहेर पडले.

ड्रेसिंग रूममध्ये पहिल्यांदा बोलला तो वुकोमान. बचावफळीत सावोच्याच जागेवरचा राखीव खेळाडू, तिन्ही सामने बाकावर बसलेला.

"वॉर्मअपलाच मांडी धरत होता हा. बसच्या ड्रायव्हरला दिसलं. आणि मी धडधाकट माणूस तिथे सकाळची कचामाकची लापशी पचवत बसलोय!"

"गप रे, वुको," गोलकीपर म्हणाला.

"का गप? देश हरलाय, मी एकटा नाही!"

ब्लाझोंनी हात वर केला. ते वळले. "क्रस्तो, सगळ्यांसमोर सांग. सकाळी पाय चांगला होता का?"

सगळे बघत होते. सावो टॉवेलमध्ये तोंड घालून बसला होता. त्याने टॉवेल बाजूला केला नाही.

"चांगला होता, कोच."

"बस्स," ब्लाझो म्हणाले. "ऐकलंत ना? विषय संपला."

पत्रकार परिषद साडेपाचला होती. क्रस्तो बर्फाची पिशवी हातात घेऊन मागच्या दाराशी उभा राहिला. आपण तिथे का आलो, हे त्याला सांगता आलं नसतं. राजधानी पोद्गोरित्साचा एक वार्ताहर उठला.

"कोच, तो लंगडतोय हे अख्ख्या देशाने टीव्हीवर पाहिलं. तुम्ही मैदानावर होतात. तुम्हालाच दिसलं नाही?"

"माझ्या फिजिओने सकाळी पाय पाहिला. तो म्हणाला, चांगला आहे."

"म्हणजे चूक फिजिओची?"

"नाही. त्याच्या शब्दावर मी वीस वर्षं संघ उतरवलाय आणि उद्याही उतरवीन. दुखापत कोणाला सांगून येत नाही. हरलो ते माझ्यामुळे. सोमवारी राजीनामा देतोय. लिहायचं असेल तर एवढंच लिहा."

क्रस्तोच्या कानशिलांना चटके बसले. कोणी शिवी दिली असती तर त्याने ती खाली मान घालून घेतली असती. ही स्तुती मात्र त्याला अंगावर ठेवता येईना.

"पाय चांगला नव्हता," तो म्हणाला.

आवाज बारीक निघाला. पुढच्या दोन रांगा वळल्या, मग कॅमेरे वळले.

"मला सकाळी साडेसातलाच कळलं होतं. मी कागदावर खोटं लिहिलं. मघाशी कोचनी विचारल्यावरही खोटंच सांगितलं. त्यांना काही माहीत नव्हतं."

"का पण? कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

सावोचं नाव जिभेवर आलं आणि तिथेच अडलं. "कोणी नाही. माझाच अंदाज चुकला. वाटलं, निभेल."

"अंदाज चुकला, की खोटं लिहिलं? नक्की काय?"

क्रस्तोने खाली पाहिलं. पिशवीतलं पाणी बुटावर गळत होतं.

बसमध्ये सावो मागच्या लांब बाकावर पाय पसरून बसला होता. क्रस्तो पट्टी सोडायला वाकला, तसा सावो हळूच म्हणाला, "फोनवर पाहिलं मी. माझं नाव नाही काढलंस. देव तुझं भलं करो, कूम."

"नको बोलूस."

"मी सांगू का त्यांना? आत्ता जाऊन सांगतो."

क्रस्तोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. तो उठेल म्हणून क्षणभर थांबला. सावोने पाय जरा आखडून घेतला आणि खिडकीबाहेर बघू लागला.

क्रस्तो पुढे गेला. ब्लाझो पहिल्या बाकावर होते. त्यांनी आवाज खाली ठेवून विचारलं, "आता इथे कोणी नाही. त्याने आण घातली होती?"

हो म्हटलं असतं तर ब्लाझोंना सगळं समजलं असतं. तेही त्याच डोंगरातले. त्यांनी बहुधा माफही केलं असतं. पण मग ती माफी सावोवर दोष ढकलून मिळाली असती.

"नाही, कोच."

 ब्लाझोंनी ड्रायव्हरला निघायची खूण केली.

"बसा तुम्ही," ते म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी क्रस्तोला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.