कुंपणापलीकडच्या कोंबड्या

रामरावांनी भिरकावलेलं ढेकूळ कोंबडीला लागलंच नाही. ते कुंपणावरून पलीकडं गेलं आणि तानाबाईच्या वाळत घातलेल्या तुरीवर पडून फुटलं. कोंबडीनं एकदा पंख फडफडवले आणि शेडच्या जाळीला चोच लावून ती आतल्या पांढऱ्या पिल्लांकडं पुन्हा टक लावून बघत बसली.

तानाबाईनं सुपातून डोळे वर केले नाहीत. तुरीतली माती वेचत ती कोंबडीलाच म्हणाली,

"ये वो बाई घरी. जागा लोकायची आहे. उद्या आभाळाचाबी सातबारा काढतीन ते."

लोक म्हणजे रामराव. तानाबाई त्यांच्या थोरल्या भावाची, विठ्ठलरावांची बायको. विठ्ठलराव गेले, मग अंगणाच्या मधोमध पऱ्हाट्यांचं, कपाशीच्या वाळक्या काड्यांचं, कुंपण आलं, आणि कुंपणाला लागून रामरावांनी कंपनीच्या कोंबड्यांचं लांबलचक शेड उभारलं. तेव्हापासून दीर-भावजयीत सरळ बोलणं नव्हतं. ती कोंबड्यांना सांगायची, ते बायकोला, इंदूबाईला, सांगायचे. आणि ज्यानं ऐकायचं त्याला बरोबर ऐकू जायचं.

"इंदू, सांग तिले," रामराव ओरडले. "कंपनीच्या साहेबानं साफ सांगतलं, शेडाजवळ गावरान कोंबडी दिसली त पुढच्या खेपेला पिल्लू नाही भेटत. इकून टाक म्हणा त्या."

इंदूबाई चुलीपुढून हलली नाही. हे सांगणं तिनं इतक्यांदा पोचवलं होतं की आता त्याला पोचवायची गरज उरली नव्हती. तानाबाई कोंबड्या विकणार नाही हे गावातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. नवऱ्यामागं तिच्या वाट्याला आलेलं शेत पुतणे बघत, पीक दीर विकत, आणि ती आपली होकाराला मान हलवत असे. अख्ख्या घरात कोंबड्या तेवढ्या तिच्या होत्या. कोणती अंड्यांवर खुडूक बसवायची, कोणाकडं अंडी द्यायची, हे ती कोणाला विचारत नसे.

रामरावांना हे कळत नव्हतं असं नाही. कळत होतं म्हणूनच त्यांचा जास्त जळफळाट व्हायचा.

त्या हिवाळ्यात बर्ड फ्लूची बातमी आली. दूरच्या कुठल्याशा जिल्ह्यात कोंबड्या मेल्या, आणि पुसदहून जनावरांच्या डॉक्टर अनघा गावोगाव सभा घेत हिंडू लागल्या. या गावची सभा रामरावांच्या शेडपुढं, लिंबाखाली भरली. आली मोजकीच माणसं, आणि जी आली ती भांडायलाच आली.

"तुम्ही रोग रोग करता अन् गिऱ्हाईक कोंबडी खाणं बंद करते," तांड्यावरचा देवसिंग सुरुवातीलाच म्हणाला. त्याचंही एक शेड होतं. "रोग नंतर येते मॅडम, पह्यले तुम्ही येता."

डॉक्टरीणबाई चिडल्या नाहीत. अशा सभा त्यांनी पुष्कळ पाहिल्या असाव्यात. हा रोग कसा शिरतो ते त्यांनी सांगितलं. धरणावर उतरणारी पाहुणी बदकं, त्यांची विष्ठा, ती तुडवलेली चप्पल, खाद्याच्या गाडीचं चाक, या शेडातून त्या शेडात जाणारी टोपली. शेडात जायची चप्पल वेगळी ठेवा. दाराशी चुना टाका, औषधाच्या पाण्यात पाय बुडवा. बाजारातून आणलेली कोंबडी शेडात नेऊ नका, घरच्या कोंबड्यांतही लगेच सोडू नका. मेलेला पक्षी नाल्यात टाकू नका, कळवा.

"कळवलं त तुम्ही समद्या मारून टाकता," देवसिंग म्हणाला. "आजारी असन ते बी, नसन ते बी."

"हो. एक किलोमीटरच्या आतले सगळे पक्षी मारावे लागतात. नाही मारले तर पुढच्या गावाला जातो तो."

बाईंनी हे असं सरळ सांगून टाकलं. रामरावांनी तेवढंच उचललं. ते कुंपणाकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाले,

"म्हणजे मॅडम, शेजारच्याच्या मोकाट कोंबडीनं रोग आणला त माहं शेड खलास?"

"हो. आणि तुमच्या शेडातून निघाला तर शेजारच्यांच्या कोंबड्या."

पहिला शब्द रामरावांनी ऐकला, उरलेलं वाक्य त्यांच्या कानावरून गेलं. कुंपणाच्या फटीतून तानाबाईचा आवाज आला.

"मॅडम, माह्या दिवसभर हिंडतात. मी काय करू?"

"कोंडून ठेवा काही दिवस, मावशी. दाणापाणी आतच द्या. रानपाखरं त्याला शिवणार नाहीत एवढं बघा."

"आता सांगा अजून," रामराव म्हणाले. "ती ऐकणार हाय तुमचं? जलमात कोणाचं ऐकलं तिनं?"

"इंदू," पलीकडून उत्तर आलं, "सांग त्यायले, मॅडम मले सांगून राह्यल्या. त्यायचा कायले जीव चालला मधात?"

देवसिंगला हसू फुटलं, आणि सभा तिथंच मोडली.

बाई गेल्या, पण त्यांनी पोटात घातलेली भीती राहिली. रामराव तसे भित्रे; भित्र्या माणसाचा आवाज मोठा असतो तसा त्यांचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी चुन्याची पोती आणली. दाराशी सिमेंटचं टाकं बांधून त्यात औषधाचं पाणी भरलं. 'आत येण्यास मनाई' अशी पाटी रंगवली. शेडातली चप्पल वेगळी ठेवली. कंपनीचा साहेब आला तेव्हा त्यालाही बुटांसकट टाक्यात उभं केलं, आणि ते आठवून दिवसभर त्यांना आनंद होत राहिला. सगळं बाईंनी सांगितलं तसं झालं. तरी रात्री पडल्यावर झोप येईना. चुना माणसानं टाकलेला. रोगाला अडवायचं तर माणसाच्या वरचा कोणीतरी पाहिजे.

म्हणून बाजाराच्या दिवशी ते ढाणकीला गेले आणि मरीमायसाठी कोंबडा घेऊन आले.

कोंबडा मोठा देखणा, लालभडक पिसांचा होता. शिवाय शांत. बाकीचे कोंबडे पाय बांधलेले असूनही पिशवीत धडपड करत होते, हा मात्र मान खाली घालून विकणाऱ्याच्या हातात बसून होता. देवाला द्यायचा कोंबडा असाच असावा, रामरावांना वाटलं. मनानं तयार असलेला.

इंदूबाईनं त्यांना शेडच्या दारात अडवलं.

"बाजारची कोंबडी आत नेऊ नका म्हणलं होतं न मॅडमनं?"

"कोंबडी म्हणलं. हा देवाचा आहे."

"देवाचा असन, पण बाजारातूनच आणला न?"

"तू गप राह्य. शुभ कामात मोडता नको घालू."

देवाच्या कामात पायात चप्पल चालत नाही. रामरावांनी बाहेरची काढली, आणि आतलीही घातली नाही. औषधाच्या टाक्यात अनवाणी पाय कसा घालायचा म्हणून ते वळसा घालून गेले. कोंबडा दोन्ही हातांत धरून, पुटपुटत, ते शेडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले आणि पिल्लांच्या डोक्यावरून त्यांनी तो ओवाळला. एकही कोपरा सोडला नाही. सोडला असता तर रोग तिथूनच आला असता. मग दाराशी येऊन कोंबड्याच्या डोक्यावर पाणी शिंपडलं. कोंबड्यानं अंग झटकलं की मरीमायनं कौल दिला असं समजतात. हा तर पाणी पडायच्या आधीपासूनच थरथरत होता. रामरावांनी डोळे मिटून हात जोडले.

डोळे उघडले तेव्हा कुंपणापलीकडं तानाबाई उभी दिसली. ती कोंबड्याकडं बघत होती. काही बोलली नाही, कोंबड्यांशीसुद्धा नाही.

त्याच संध्याकाळी, कोंबडा मरीमायपुढं कापून रामराव परतले तेव्हा, तिच्याकडून ठोकाठोक ऐकू आली. खुराडं उचलून तिनं मागच्या खोलीत नेलं आणि खिडकीला जाळी मारली. दुसऱ्या दिवसापासून तिच्या अंगणात एकही कोंबडी दिसेना.

"आली लायनीवर," रामराव इंदूबाईला म्हणाले. "मरीमायनं सुबुद्धी देली."

त्यानंतर थोड्याच दिवसांत शेड गप्प झालं. हजारो पिल्लांचा जो एक सलग गलका असतो, आणि ज्याची एवढी सवय होते की तो ऐकूच येत नाही, तो विरळ होत गेला तेव्हा रामरावांना ऐकू आला. खाद्य भांड्यात तसंच पडून राहू लागलं. तुरे निळसर पडले. मग सकाळी दार उघडलं की मेलेल्या पक्ष्यांत पाय टाकायला जागा शोधावी लागे.

पहिल्या दिवशीचे मेलेले त्यांनी टोपल्यात भरले, वर पोतं झाकलं, आणि ते नाल्याच्या वाटेला लागले. इंदूबाई आडवी आली.

"ठेवा ते खाली. म्या मॅडमले फोन केला."

रामरावांनी तिला शिवी दिली. लग्नानंतर पहिल्यांदाच. तिनं टोपलं त्यांच्या डोक्यावरून स्वतःच्या हातानं उतरवलं.

नमुने गेले, आणि निरोप आला तो ज्याची भीती होती तोच. मग एके सकाळी गाड्या आल्या, डोक्यापासून पायापर्यंत पांढरे कपडे चढवलेली माणसं उतरली, आणि शेडामागं मोठा खड्डा खणायला सुरुवात झाली. डॉक्टर अनघांनी रामरावांना लिंबाखाली बोलावलं.

"बाहेरून पक्षी आणला होता का, गेल्या काही दिवसांत?"

"नाही."

"कोंबडा आणला होता," इंदूबाई म्हणाली. "ओवाळायला."

बाईंनी एक क्षण डोळे मिटून घेतले.

"शेडात कुठपर्यंत नेला होता?"

"समदीकडं," रामराव म्हणाले.

बाई त्यांना रागावल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं. भांडता आलं असतं. पण त्या एवढंच म्हणाल्या की त्या कोंबड्यामुळंच आला असं छातीठोक सांगता येणार नाही, आणि नाहीच असंही सांगता येणार नाही. रामरावांना आतून सगळं ठाऊक होतं. कोंबडा शांत नव्हता. तो आजारी होता, आणि त्यांनी त्याला दोन्ही हातांत धरून शेडभर मिरवला होता.

दुपारपर्यंत शेड रिकामं झालं. बाई आता आजूबाजूच्या घरांची चौकशी करत होत्या. कुंपणापाशी येऊन त्या थांबल्या.

"इथं गावरान कोंबड्या होत्या ना? मागं आले तेव्हा दिसल्या होत्या."

रामरावांनी पलीकडं पाहिलं. अंगण झाडून लख्ख, एक पीस पडलेलं नाही. मागच्या खोलीचं दार बंद. या कोंबड्यांच्या नावानं त्यांनी वर्षानुवर्षं बोटं मोडली होती, आणि आज त्यांना संपवायला त्यांनी नुसती मान हलवली तरी पुरे होतं. त्यांना लाज वाटली.

"इकल्या तिनं," ते म्हणाले. "मागच्या बाजारात. एकबी नाही ठेवली."

"नक्की?"

"नक्की. मीच पाह्यल्या न नेतानी."

भावजयीसाठी आपण आयुष्यात केलेली ही पहिली चांगली गोष्ट, असं त्यांना वाटलं. बाई जायला वळल्या. तेवढ्यात खोलीचं दार वाजलं, आणि पदर खोचून तानाबाई थेट कुंपणाशी आली.

"मॅडम, आहेत माह्या. कोंडून ठेवल्या. खाऊन-पिऊन चांगल्या आहेत, पण आहेत."

"वहिनी," रामराव हलक्या आवाजात म्हणाले, "कायले बोलून राह्यली? म्या सांगतलं न त्यायले. मिटलं होतं समदं."

तानाबाईनं त्यांच्याकडं सरळ पाहिलं.

"तुम्ही कोंबडा घेऊन शेडात शिरले तवा मी इथंच उभी होती, भाऊजी. त्याची मान पडलेली दिसली मले. एक हाक मारली असती त तुम्ही थांबले असते, नसते, देव जाणे. म्या नाही मारली. म्हणलं मरू दे याच्या. माह्या कोंडून घेतल्या अन् गप बसली."

तिनं पदर पुन्हा घट्ट खोचला.

"आता तुमच्या खोट्यावर त्या जगवू? अन् उद्या अंडी घेऊन तांड्यावर जाऊ, तिथल्या बायायच्या कोंबड्या माराले? तुमचे उपकार नाही पाहिजे मले. काल नव्हते पाहिजे, आजबी नाही."

बाईंनी पांढऱ्या कपड्यांतल्या दोघांना खूण केली. ते खोलीकडं निघाले तसं तानाबाईनं हात आडवा केला.

"तुमच्या हाती नाही लागतीन त्या. जीव जाईस्तोवर फडफडतीन. मीच बलावते."

"मी येऊ?" रामरावांनी विचारलं.

"नका येऊ."

बाईंनी तिला हातमोजे दिले, नाकातोंडाला लावायची पट्टी दिली, आणि ती कशी बांधायची ते दाखवलं. तानाबाई खोलीत गेली. तिनं दार आतून ओढून घेतलं.

रामराव कुंपणाला धरून उभे राहिले. आत सुपातून ज्वारी जमिनीवर पडल्याचं ऐकू आलं. मग तानाबाईनं कोंबड्यांना हाक मारली, रोज सकाळी दाणे टाकताना मारते तीच, त्याच सुरात, जराही न अडखळता. येऊ नका, रामराव मनातल्या मनात म्हणत राहिले. पण कोंबड्या आल्या. सगळ्या एकदम धावत आल्याचा आवाज कुंपणापर्यंत आला.