चार किलोंची सॅक

"या सॅकचा पट्टा मेला दर खेपेला माझ्या खांद्याला चावतो," याल्मार मला पाठीवर चढवत कुरकुरला.

"पट्टा नाही चावत, तुझं वय चावतंय," स्टायनार म्हणाला.

चावणारी ती मीच, मित्रांनो. मी एक जुनी सॅक आहे. सिग्नीने तंबूच्या फाटक्या कापडातून मला आपल्या नवऱ्यासाठी, आयविंदसाठी शिवलं. टाके वाकडे आहेत, पण एकही उसवलेला नाही.

मार्चमध्ये आमच्या खोऱ्यातून डोंगरापलीकडच्या गावापर्यंत स्कीची शर्यत होते. प्रत्येकाच्या पाठीवर चार किलोंची सॅक हवीच. पोचल्यावर काट्याला टांगून बघतात. कमी भरली तर सगळी मेहनत बाद. नियम कशासाठी, तर माथ्यावर वारा सुटला की अंगात घालायला काही जवळ असावं म्हणून. पण माणसं हुशार! जॅकेट फुगतं, वाऱ्याला अडतं. मग कित्येक जण साखर भरतात. साखर पाठीला गप्प चिकटून बसते.

तेरा वर्षं मी आयविंदच्या पाठीवर होते. स्टायनार पुढे, याल्मार मागे, मध्ये आम्ही. तिघे वाटभर एकमेकांना असे टोमणे मारत की लोक विचारत, "अरे, पोचायचंय की भांडायचंय?" ठरलेल्या वेळेत पोचणाऱ्याला बिल्ला मिळे. आयविंदला तो कधीच मिळाला नाही. एकदा तर चार मिनिटांनी हुकला.

पुढच्या वर्षी तो स्कीला मेण लावत असताना स्टायनारने मला उघडलं. सिग्नीने ठेवलेलं लोकरीचं जाड जॅकेट काढून गाडीत टाकलं आणि दोन किलो साखर भरली.

"आज बिल्ला घेतोच बघ पठ्ठ्या," तो कुजबुजला. याल्मार हसला. ऊन छान पडलं होतं.

माथ्यावर वारा फिरला. आयविंदची स्की मोडली.

"तुम्ही व्हा पुढे, माणसं पाठवा," तो मित्रांना म्हणाला. "सिग्नीने जॅकेट दिलंय."

खरं न सांगताच दोघे गेल्यावर त्याने माझ्यात हात घातला. साखरेची पिशवी बाजूला सारून हात तळापर्यंत गेला. कोपरे चाचपले. पुन्हा तळ. मित्रांनो, तो हात अजून माझ्यात फिरतो.

दोघे माणसं घेऊन परतले, तेव्हा उशीर झाला होता. सगळे आयविंदवर वाकलेले असताना स्टायनारने साखर बर्फात ओतली. पांढऱ्यात पांढरं, कोणाला दिसणार? जॅकेट त्याने गुपचूप सिग्नीच्या दारामागच्या खुंटीला अडकवलं. ते तिला तिथेच सापडलं.

तेव्हापासून दोघे आळीपाळीने मला आयविंदच्या नावाने शर्यतीत नेतात. भरते मात्र सिग्नीच. आज सकाळीही तिच्या स्वयंपाकघरात कॉफी झाली, वाफल झाले, आणि याल्मारच्या पाठीवरून उतरवून तिने मला टेबलावर घेतलं. जॅकेट ठेवलं. काढलं. पुन्हा ठेवलं.

"बघितलंत ना दोघांनी? ठेवलं ना मी?"

"ठेवलंस गं बाई," याल्मार म्हणाला. "सहा किलो झालीय. मी तिला न्यायचं की तिने मला?"

ती हसली नाही. "तेव्हाही असंच वाटलं होतं मला, ठेवलंय म्हणून. हातांना आठवतं रे! आणि निघालं खुंटीवर. नऊ वर्षं झाली. चूल बंद केली का, दार लावलं का, चार-चारदा बघते. आपल्याच हातांवर विश्वास उरला नाही."

याल्मार दरवर्षीसारखा खिडकीबाहेर बघू लागला.

जुन्या वस्तू जपा, असं सगळ्या वस्तू सांगतात. मला जपलं नाहीत तरी चालेल, मित्रांनो. पण दुसऱ्याच्या सॅकमधून काही काढाल, तर त्याला सांगून काढा. मला तोंड असतं, तर पहिल्याच दिवशी बोलले असते. ज्यांना आहे, ते वाफल खात बसतात.

सिग्नी माझा बंद आवळू लागली. स्टायनारने तिच्या हातांवर हात ठेवला.

"तू विसरली नव्हतीस, सिग्नी. तू ठेवलं होतंस. मी काढलं."