रिपोर्ट नॉर्मल आहे म्हणे

मी 'नॉर्मल' बोलतोय. जन्मानं इंग्रजी विशेषण, पण आता छत्रपती संभाजीनगरच्या बोलण्यात मुरलोय. निदान मला तसं वाटतं. हॉटेलात वेटर विचारतो, "पाणी थंड की नॉर्मल?" घरी सासू सांगते, "भाजी नॉर्मल तिखट कर." तिथं मी बिनघोर असतो. माझा गोंधळ उडतो तो दवाखान्यात.

मागच्या आठवड्यात पिशोरचे मुंजाबा, मेंढ्या राखणारे, पोटाच्या दुखण्यानं इथं भरती झाले. तपासणीत गाठ निघाली. त्यांचा मुलगा अजिनाथ डॉक्टरीणबाईंना बाजूला घेऊन म्हणाला, "नौशीन मॅडम, आबाला काही सांगू नका. नुसतं नॉर्मल म्हणा."

"मी नाही म्हणणार. ऑपरेशन लवकर व्हायला हवं, आणि सही त्यांचीच लागेल."

तरी अजिनाथनं खाटेशी जाऊन मला पुढं केलंच. "आबा, रिपोर्ट नॉर्मल हाय." आपल्याकडं ही रीतच, आजाऱ्याला सोडून साऱ्या गोताला आजार ठाऊक. मी संकोचलो. पण कुणी मायेनं बोलावल्यावर नाही कसं म्हणावं?

मुंजाबा उठून चपला शोधू लागले. "नॉर्मल हाय ना? मंग चल घरी. मेंढरं कुणाच्या भरवशावर टाकू?"

"आबा, थांबा की दोन दिस."

"कशाला? धडधाकट माणसानं खाट अडवू नाय."

ते दारापर्यंत पोचलेसुद्धा. मला धरणी ठाव देईना. माझ्याच जोरावर हा माणूस उपचाराविना निघाला होता! अजिनाथनं त्यांचा हात धरला. त्याचे ओठ हलले. मी सवयीनं तयार झालो. पण त्यानं मला घेतलंच नाही.

"आबा, गाठ हाय. कापावी लागती."

मुंजाबा बाकावर बसले, चपला काढून बाकाखाली सारल्या. म्हणाले, "आधी सांगाया काय झालं व्हतं, येड्या? कुठं करायची सही?" मग म्हणाले, "तुझ्या मायला फोन लाव."

आणि फोनवर काय म्हणावं त्यांनी? "ऐकलं का? समदं नॉर्मल हाय."

पलीकडून म्हाळसाबाई कडाडल्या, "नॉर्मल हाय तर फोन कसा केला? उभ्या जन्मात केलाय का कधी? येते मी सकाळच्या गाडीनं."

मी खोटा ठरलो का? मग त्यांना खरं कसं कळलं? मला अजून उमगत नाही.

आत्ता ऑपरेशन चालू आहे. मायलेक दाराबाहेर बसलेत. डॉक्टरीणबाई, तुम्ही बाहेर याल तेव्हा जमलं तर मलाच घेऊन या. आज मला खरं व्हायचंय.