अकराचा फोन

चष्म्याच्या दुकानातल्या कारागिराने एकाच आठवड्यात दुसऱ्यांदा डाव्या डोळ्याची काच उजवीकडे बसवली. दोन्ही वेळा त्याचं लक्ष फोनकडे होतं. मालकीणबाईंनी आवाज न चढवता सांगितलं, की तिसरी चूक झाली तर दुसऱ्या दिवसापासून येऊ नका.

दोष एकट्या फोनचा नव्हता. लहानपणी आई शेजारी गेली तरी हा दारात उभा राहून भोकाड पसरायचा. आता आईच्या जागी बायको होती आणि दाराच्या जागी फोन. पोचलीस का, जेवलीस का, रागावलीस का, असे दिवसाला चाळीस निरोप जात. बायको ग्रंथालयात कामाला. वसतिगृहात वाढलेली, कुणी फार जवळ आलं की तिला खिडकी उघडावीशी वाटे. तिचा फोन आवाज बंद करून खणात पडलेला असे. संध्याकाळी चाळीस निरोपांना मिळून ती एक अंगठा पाठवी.

नोकरीवर गदा आल्याचं कळताच तिने सकाळी त्याचा फोन काढून स्वतःच्या पर्समध्ये टाकला.

अकरापर्यंत त्याने कसाबसा दम धरला. मग काउंटरवरच्या फोनवरून नंबर फिरवला. बायकोचा लावून उपयोग नव्हता, म्हणून स्वतःचाच. पहिल्याच घंटेला उचलला गेला.

"अगं, माझ्या फोनवर तुझा काही निरोप आलाय का?"

"अहो, तो माझ्या पर्समध्ये आहे. मी माझ्याच पर्सला निरोप पाठवू?"

त्याला जरा उशिराच उमगलं. "पण तू उचललास!"

"दुसऱ्याचा फोन आहे. काही महत्त्वाचं असलं म्हणजे?"

लग्नाला चार वर्षं झाली होती; तिने इतक्या चटकन कधी उचलला नव्हता. मागे उभ्या मालकीणबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी त्याने बसवलेली काच तपासली. बरोबर होती. मग हुकूम सोडला, की फोन बायकोकडेच राहू दे, रोज अकराला इथून एकदा बोला.

दहाव्या दिवशी दुकानात गिऱ्हाइकांची झुंबड उडाली. साडेअकराला काउंटरवरचा फोन वाजला. मालकीणबाईंनी उचलला. पलीकडे बायको होती. विशेष काही नाही, म्हणाली, आज फोन आला नाही म्हणून विचारलं. बरे आहेत ना?

मालकीणबाईंनी कारागिराकडे पाहून विचारलं, बायको विचारतेय, बरे आहात ना? तो डाव्या डोळ्याची काच डावीकडे बसवत होता. मान वर न करता त्याने एक हात उंचावला.

"बरे आहेत," मालकीणबाई म्हणाल्या. "अंगठा दाखवलाय."