डाव्या बाजूचं दार

मित्रांनो, मी एक जुनी लष्करी लॉरी आहे. घाबरू नका, मी कुणाच्या अंगावर येणार नाही. लांबीला मी जेमतेम हातभर आहे, माझ्यात इंजिन नाही की पेट्रोल नाही, आणि उभ्या आयुष्यात मी स्वतःहून वीतभरसुद्धा पुढं सरकलेली नाही. सागवानाच्या उरल्यासुरल्या तुकड्यांतून माझा जन्म झाला. लढाई मी कधी पाहिली नाही. पण लढाईनं ज्यांचं सर्वस्व नेलं ती माणसं फार जवळून पाहिली, आणि त्यांच्यासाठी मला काहीही करता आलं नाही. ते मनात सलतं, म्हणून आज बोलते आहे.

कुरुंदा आणि जवळा बाजार यांच्या मधल्या एका लहानशा गावात इब्राहीम मिस्त्रीनं मला घडवलं. आमच्याकडे तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि समुद्रापलीकडे कुठंतरी मोठी लढाई चालू होती. इब्राहीम दारं करणारा माणूस. गावातल्या बहुतेक घरांची दारं त्याच्याच हातची. दाराचा विषय निघाला की स्वारी फुशारकीवर येई. "माझं दार पावसात फुगणार न्हाई, उन्हात कुरकुरणार न्हाई. एका बोटानं उघडलं पाहिजे," तो म्हणे. त्याची एक खोडही होती. प्रत्येक दाराच्या खालच्या कोपऱ्यात तो एक बारीक चोरखिटी बसवी. परक्याला दार भिंतीसारखं घट्ट वाटे. डोक्यावर भारा घेऊन शेतातून आलेली घरची बाई मात्र बाहेरूनच खिटी दाबी आणि आत जाई. ही खिटी कुठं असते ते गावातल्या झाडून साऱ्या बायकांना ठाऊक होतं, पुरुषांना फारसं नाही.

एके सकाळी हिरासिंग काठी टेकत त्याच्या पडवीत आला. हिरासिंग लष्करात लॉरी चालवायचा. वाळवंटात त्याच्या गाडीवर गोळा पडला. त्यात त्याचे दोन्ही डोळे गेले आणि डाव्या हाताची बोटं भाजून एकमेकांना चिकटली. त्याच्या शेजारी बसणारा उत्तम, तोही याच गावचा, तो परत आलाच नाही. उत्तम म्हणजे नर्मदाबाईचा एकुलता एक मुलगा. नवरा आधीच गेलेला, आता घरात ती एकटी. हिरासिंगनं तिला सांगितलं होतं, "माय, त्याला काही समजलंच न्हाई. बसल्या जागी झोप लागली व्हती, झोपेतच गेला." तेवढ्याच शब्दांना धरून ती बाई जगत होती.

पण तिला मोटार कशी असते तेच माहीत नव्हतं. भेटेल तिथं ती हिरासिंगला अडवी. "कशी असती रं ती मोटार? माझा उत्तम कोन्त्या अंगाला बसायचा? पाठ टेकायला काही व्हतं का त्याला?" हिरासिंग हवेत हात फिरवून सांगू लागे. बिचाऱ्याला स्वतःला दिसत नव्हतं, तो दुसऱ्याला काय दाखवणार?

"मिस्त्री, ती गाडी मला बनवून दे," तो इब्राहीमला म्हणाला. "लहान, पण हुबेहूब. माय हात लावून पाहील. तिच्या जिवाला बरं वाटंल."

"आरं, बैलगाडी सोडून दुसरी गाडी मी जवळून पाहिली न्हाई!"

"तू नको पाहू. मी सांगून राहिलो ना."

आणि माझं बांधकाम सुरू झालं. खऱ्या गाडीच्या एका हाताला माझी दोन बोटं, असं माप दोघांनी ठरवलं. हिरासिंगजवळ नकाशा नव्हता, पण त्याच्या अंगाला सगळं पाठ होतं. तो ओट्यावर बसून हवेत चाक धरी, आणि त्याच्या छातीपासून मुठीपर्यंत इब्राहीम सुतळी लावून माप घेई. "पाय इथवर उचलावा लागायचा. गुडघा इथं घासायचा. टप इथं, मान वाकवल्याबगर आत जाता यायचं न्हाई." इब्राहीम रंधा मारी, पटाशीनं कोरी, आणि तुकडा त्याच्या हातात देई. तो उजव्या हाताची बोटं फिरवी आणि म्हणे, "नाक चपटं कर आणखी," किंवा नुसताच गप्प बसे. तो गप्प बसला की काम बराबर झालं, असं इब्राहीम समजून घेई. माझी चाकं बाभळीची. त्यांवर फाटक्या मोटेचं चामडं चढवलं. दिव्यांना काळ्या टोप्या घातल्या आणि खाली बारीकशी फट ठेवली, कारण शत्रूला उजेड दिसू नये म्हणून खऱ्या दिव्यांनाही तशाच टोप्या होत्या.

रंगाची मात्र मोठी गंमत झाली. हिरासिंग म्हणाला, "रंग वाळक्या कडब्याचा. लांबून गाडी दिसली तर रंग चुकला." इब्राहीमनं पिवडी, काव आणि चुना जवसाच्या तेलात घोटला, एक हात दिला, दुसरा दिला. पण आंधळ्या माणसाला रंग पटवून कसा द्यायचा? शेवटी दोघांनी मला अंगणातल्या कडब्याच्या गंजीवर ठेवलं आणि इब्राहीमच्या बायकोला, चाँदबीला, फाटकापाशी उभं करून गाडी शोधायला लावलं. ती कपाळावर हात धरून इकडून तिकडून बघू लागली. "किधर रखे जी? मेरे कू तो दिसतीच नै! मजाक करते क्या?" हिरासिंग खदखदून हसला. लढाईवरून आल्यापासून त्याला हसताना कुणी ऐकलं नव्हतं. मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं कौतुक म्हणाल तर ते एवढंच, की मी कुणाला दिसले नाही.

आता जे सांगायचं आहे ते सांगायला जीभ अडखळते, जीभ नसली तरी. हिरासिंगनं अगदी पहिल्या दिवशीच बजावलं होतं, "डाव्या बाजूचं दार नुसतं दिसायपुरतं कर. ते उघडायला नको." उत्तम डाव्या बाजूला बसायचा. इब्राहीमनं विचारलं, "काहून?" त्यावर हिरासिंगनं चाकांचा विषय काढला. इब्राहीमला वाटलं, आंधळा माणूस, काम वाचावं म्हणून म्हणत असेल. पण न उघडणारं दार करायचं, आणि तेही त्याच्या हातानं? त्याचा जीव होईना. त्यानं माझं डावं दार चामड्याच्या बिजागरीवर बसवलं आणि खालच्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढी चोरखिटी ठोकली. हिरासिंगनं डाव्या, भाजलेल्या हातानं ते दार चाचपलं. ते त्याला घट्ट लागलं. तो गप्प बसला. आणि इब्राहीम आपल्या हुशारीवर मनातल्या मनात खूश झाला. मी ओरडून सांगायला हवं होतं. लाकडाला कुठून आवाज येणार?

दोघं मला घेऊन नर्मदाबाईकडे गेले. तिनं हात धुतले, पदरानं पुसले आणि मला मांडीवर घेतलं. हिरासिंग सांगत होता, ती हात फिरवत होती. "इथं चाक, इथं मी, आणि इथं उत्तम." तिनं दोन बोटांनी ती जागा चाचपली, माझ्या छोट्या बाकावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "पाठ टेकायला हाये की." तिच्या चेहऱ्यावर खरोखर बरं वाटल्याचं दिसलं. मग सवयीनं तिचा अंगठा दाराच्या खालच्या कोपऱ्याकडे गेला. जन्मभर तिनं इब्राहीमचीच दारं उघडली होती. खिटी दबली, आणि दार एका बोटानं उघडलं.

"अगं बाई! उघडतंया!" ती कौतुकानं म्हणाली. आणि दुसऱ्याच क्षणी तिचा आवाज बदलला. "दार व्हतं, हिरासिंग? त्याच्याच अंगाला दार व्हतं? मंग तो उतरला काहून न्हाई?"

हिरासिंगचा चेहरा राखेसारखा झाला. तो हात पुढं करून माझं दार शोधू लागला, जणू अजूनही ते लावून घेता येईल. मग त्याच्या तोंडून सगळं बाहेर पडलं. गोळ्यानं दार दबलं होतं. उत्तमचा पाय आत अडकला होता. गाडीनं पेट घेतला. हिरासिंग बाहेर पडला, वळसा घालून डाव्या बाजूला आला आणि दार ओढत राहिला. हात जळाला, डोळे गेले, तरी ओढत राहिला. दार उघडलं नाही.

"म्हंजे तो जागा व्हता," नर्मदाबाई म्हणाली. "हाक मारली का त्यानं?"

"व्हय."

"कोणाला?"

"तुमाला, माय."

ती रडली नाही. तिनं मला उघड्या दारासकट मांडीवरून खाली ठेवलं. मग इब्राहीमकडे वळून म्हणाली, "कोणी सांगितलं व्हतं तुला उघडणारं दार करायला? मपलं लेकरू झोपेत गेलं व्हतं. तू जागं केलंस त्याला." इब्राहीम उंबऱ्यात मान खाली घालून उभा होता. तिनं त्याला पुन्हा घरात ये म्हटलं नाही.

त्यानंतर मी तिच्या भिंतीतल्या देवळीत राहिले. हिरासिंग अधूनमधून येऊन ओट्यावर बसे, आणि पुढं पुढं ती त्याला पाणीही देऊ लागली. पण इब्राहीमशी ती बोलली नाही. समोरून आला तर तोंड फिरवी. दार कुरकुरलं तरी त्याला बोलावणं नाही. माझ्यावर धूळ बसली, एका पालीनं माझ्या टपाखाली संसार थाटला. माझं डावं दार मात्र बाईनं कधी लावलं नाही. सकाळी झाडलोट करताना तिचा धक्का लागून ते मिटलं, तर ती लगेच खिटी दाबून ते पुन्हा उघडी.

अशी वर्षं गेली. लढाई संपली, इंग्रज गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी भादव्यात निजामाच्या राज्यात हिंदुस्थानची फौज आली. माझ्या थोरल्या बहिणी रस्त्यानं घरघरत गेल्या म्हणे; मला देवळीतून नुसता आवाज ऐकू आला. लोकांनी आनंद केला. भीतीचे दिवस संपले असं सगळे म्हणत होते. पण इब्राहीमसारख्यांची भीती तिथून सुरू झाली. ज्यानं कधी कुणाला काठी दाखवली नाही, त्याच्याही मागे आसपासच्या गावांतले लोक लागले. निजामाच्या माणसांनी केलेल्या जुलमाचा राग त्याच्यासारख्यांवर निघत होता.

त्या दुपारी नर्मदाबाई मूग निवडत बसली होती. गल्लीच्या तोंडाशी पहिली थाप ऐकू आली, आणि पाठोपाठ इब्राहीमचा आवाज. "तातेराव, दार उघडा. मी हाये, इब्राहीम. संग चाँदबी हाये." दार उघडलं नाही. मग दुसऱ्या घराचं दार, मग तिसरं. ती सगळी दारं त्यानंच केलेली. कोणत्या दाराची खिटी कुठं आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पण न विचारता दुसऱ्याच्या घरात शिरणारा माणूस तो नव्हता. तो थापा मारत राहिला, आणि आतून कड्या लागल्याचे आवाज येत राहिले. लोक वाईट नव्हते, मित्रांनो. घाबरलेले होते. पण बाहेर उभ्या असलेल्याला त्याचा काय उपयोग?

पावलं आमच्या दारापाशी आली आणि थांबली. मी वाट पाहत होते. थाप पडली नाही. या दारावर थाप मारायचा आपल्याला हक्क नाही, असं त्याला वाटलं असेल. पावलं पुढं चालू लागली.

नर्मदाबाईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. तिनं वर माझ्याकडे पाहिलं, माझ्या उघड्या दाराकडे. मग ती उठली, मूग पायाखाली सांडले, आणि तिनं दार सताड उघडून हाक मारली, "इब्राहीम! पुढं काहून चाललास? मागं फीर. चाँदबी, आत ये, बाई."

दोघं त्या घरात लपून राहिली. हिरासिंग येऊन ओट्यावर बसला, तो उठेचना. काठ्या घेतलेली माणसं आली, तेव्हा तो म्हणाला, "आत माय हाये. मला डोळे न्हाईत, पण आवाज समद्यांचे वळखतो. बोला, कोण कोण हाये ते मोजून ठेवतो." एकानंही तोंड उघडलं नाही. ती माणसं आली तशी गेली.

आत बसून इब्राहीमला स्वस्थता नव्हती. त्यानं मला देवळीतून खाली घेतलं. माझी बिजागरी झिजून दार लोंबत होतं. त्यानं आपल्या पायताणाचं चामडं कापून नवी बिजागरी बसवली, आणि दार बसतं का ते बघायला ते लावू लागला. नर्मदाबाईनं त्याचा हात धरला. "लावू नगंस. असू दे उघडं." एवढं बोलून तिला रडू कोसळलं, आणि इतक्या वर्षांनी ती मोकळेपणी रडली. इब्राहीमही रडला.

वातावरण निवळलं तसा तो चाँदबीला घेऊन तिच्या माहेरच्या गावी निघून गेला, आणि पुन्हा आला नाही. कड्या लावून बसलेले लोक नंतर त्याची आठवण काढत. पुढच्या पावसाळ्यात त्यांची दारं फुगली, आणि ती दुरुस्त करायला गावात कुणी उरलं नव्हतं. ज्या हातांनी मला घडवलं त्यांच्यासाठी मी काय केलं? काही नाही. भिंतीत बसून ऐकलं.

नर्मदाबाईही गेली; आता मी जुन्या वस्तूंच्या एका संग्रहात, काचेच्या कपाटात आहे. परवा एका भल्या माणसानं मला हातात घेतलं आणि म्हणाला, हे दार सैल आहे, सरस लावून चिकटवून टाकू. मित्रांनो, त्याला कुणीतरी सांगा. माझा रंग उडू द्या, टप फाटू द्या, पण ते दार चिकटवू नका. आणि तुमच्याही घराला दार असेल. कुणाची पावलं तिथं थांबून, थाप न मारताच पुढं निघाली, तर तेवढं उठून बघा. मला उठता येत नाही.